परसबागेतली बुरशी आणि तांबडी चिंधी: प्रकल्प नोंदी, सांगली

ठिकाण: विश्रामबाग, सांगली. घरामागे साधारण एक गुंठ्याचे परस, वर गच्चीत पंचवीस कुंड्या. जमीन काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. पाणी बोअरचे, क्षारांचे.

काम: जून ते नोव्हेंबर बुरशीच्या रोगांची नोंद ठेवणे, फवारा मारावाच लागला तर मोजून मारणे, आणि फवारलेले काहीही मुदतीआधी (फवारणीनंतर तोडणीसाठी थांबायचे दिवस संपण्याआधी) कोणाच्या ताटात जाणार नाही अशी व्यवस्था बसवणे. यातले शेवटचे काम सगळ्यात अवघड आहे. तासगावच्या द्राक्षबागेत तोडणीची तारीख ठरलेली असते आणि तोपर्यंत घडाला कोणी हात लावत नाही. परसात मात्र आमटीला फोडणी पडली की कोणीतरी मागच्या दाराने जाऊन चार मिरच्या, दोन टोमॅटो घेऊन येते. फवारणी कोणी केली, कधी केली, हे त्या माणसाला माहीत नसते. पुढच्या सगळ्या नोंदी या एका अडचणीभोवती फिरतात.

8 जून

झाडांची विभागणी केली. निकष एकच: आपण झाडाचे काय खातो.

ज्यांचे पान खातो त्यांच्यावर रासायनिक बुरशीनाशक अजिबात नाही. कोथिंबीर, मेथी, पालक, अळू, कढीपत्ता आणि तुळस. फवारा बसतो पानावर आणि खायचेही तेच पान, मध्ये साल नाही, सोलणे नाही. शिवाय मेथी-कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात काढणीला येते, थांबायला दिवसच उरत नाहीत. रोग आला तर उपटून नवीन पेरायची. कढीपत्त्यावर ठिपके आले तर फांदी छाटायची, महिनाभरात नवी पालवी येते.

ज्यांचे फळ खातो: टोमॅटो, मिरची, वांगी, दोडका, लिंबू, पपई, मांडवावरचा एक द्राक्षवेल. यांच्यावर फवारणी शक्य, पण अटी पाळून.

शोभेची: कलमी गुलाब सहा, जास्वंद, मोगरा, शेवंती. इथे एक गफलत हमखास होते. गावठी गुलाब शोभेच्या रांगेत उभा असतो, पण त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो. म्हणून तो पहिल्या गटात घातला. जास्वंदीची फुले देवाला वाहून त्याच हाताने प्रसाद वाटला जातो, तेव्हा फवारल्यावर तिची फुले किमान आठवडाभर काढायची नाहीत असे ठरवले.

10 जून

पावसाआधी लिंबाच्या दोन झाडांना बोर्डो मलम. बुंध्यावर डिंक ओघळताना दिसतो, साल काळपट होऊन तडकते. हा डिंक्या. त्याची बुरशी मातीत असते आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर बुंध्यावर चढते. म्हणून मलम जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत लावायचे. त्याआधी कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी लाकूड दिसेपर्यंत खरवडून काढली आणि ते तुकडे बागेबाहेर टाकले.

प्रमाण: मोरचूद (कॉपर सल्फेट) 50 ग्रॅम, कळीचा चुना 50 ग्रॅम, पाणी अर्धा लिटर. मोरचूद कुटून पाव लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या डब्यात विरघळवला. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे चालत नाही, तांबे त्या धातूवर बसते आणि भांडेही खाल्ले जाते. चुना वेगळ्या डब्यात थोडे थोडे पाणी घालून विरवला. चुना विरताना उकळतो, शिंतोडे उडतात, त्यामुळे चष्मा आधी घालायचा, पाणी नंतर ओतायचे. गार झाल्यावर पाव लिटर भरेल इतके पाणी घालून कापडातून गाळला. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या डब्यात, काडीने सतत ढवळत. रंग आभाळासारखा निळा आला पाहिजे.

मग खिळ्याची परीक्षा. नवा, गंज नसलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून एक मिनिट ठेवला. बाहेर काढल्यावर टोकाकडच्या अर्ध्या भागावर जुन्या पैशासारखा तांबूस थर चढलेला होता. म्हणजे मोकळे तांबे शिल्लक आहे. असे मिश्रण झाडाला लावले तर कोवळी साल जळते. चुन्याची निवळी दोन-दोन चमचे घालत गेलो, दर वेळी नवा खिळा. तिसरा खिळा जसा गेला तसाच पांढरा बाहेर आला, तेव्हा मलम लावायला घेतले. चुना जुना, हवेत पडून राहिलेला असला की हा प्रकार होतो. वजन बरोबर असूनही जोर कमी पडतो, म्हणून नुसत्या वजनावर विसंबता येत नाही.

मिश्रण त्याच दिवशी वापरायचे, दुसऱ्या दिवशी ते साका होऊन खाली बसते. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा लावायचे.

बोर्डो हे नाव फ्रान्समधल्या गावाचे. 1885 मध्ये तिथले वनस्पतीशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा या रोगासाठी मोरचूद-चुन्याचा उपयोग प्रसिद्ध केला. आज आपल्या मांडवावर तोच केवडा आणि तोच उपाय.

12 जून

खरेदी, तीन बुरशीनाशके: मॅन्कोझेब 75%, कॉपर ऑक्सिक्लोराईड 50%, पाण्यात मिसळणारे गंधक 80%, प्रत्येकी 100 ग्रॅम. सीलबंद पाकीट, पक्के बिल, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत पाहून. सुटी पुडी कोणी देऊ केली तरी घ्यायची नाही. तिच्यावर ना प्रमाण, ना मुदत, ना विषबाधेवरचा उपाय.

पाकिटावरचा त्रिकोण पाहणे ही पहिली सवय. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. या बागेत लाल आणि पिवळा येणार नाही असा नियम केला. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असेही नव्हे. तो रंग मुख्यतः एका वेळी पोटात गेल्यावर काय होईल त्यावरून ठरतो, वर्षानुवर्षे थोडे थोडे शरीरात जाण्याबद्दल तो फारसे सांगत नाही. युरोपीय संघाने 2020 मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, आपल्याकडे त्यावर हिरवाच त्रिकोण असतो. म्हणून ते कमीत कमी वेळा.

पाकिटावर प्रमाण हेक्टरी असते आणि घरी तिथेच घोळ होतो. मॅन्कोझेब टोमॅटोसाठी हेक्टरी दीड ते दोन किलो, 750 लिटर पाण्यात. म्हणजे लिटरला 2 ते 2.7 ग्रॅम. आम्ही 2.5 धरले. चमच्याने मोजायचे नाही. मॅन्कोझेबची पूड हलकी, तांब्याची जड, एकाच चमच्यात दोघांचे वजन वेगळे. दागिने तोलतात तसला छोटा काटा आणला. तो आता स्वयंपाकघरात जाणार नाही. काटा, चमचा, गाळणी, डबा, सगळ्यांवर तांबड्या रंगाची खूण केली.

दुकानात याला सगळे औषध म्हणतात. घरातल्या कपाटावर मात्र ‘विष’ असा कागद लावला आणि कुलूप घातले. थंड पेयाच्या बाटलीत किंवा लोणच्याच्या बरणीत काही काढून ठेवायचे नाही.

15 जून

पंपात साधे पाणी भरून रंगीत तालीम. झाड पूर्ण ओले होईल, पण पानावरून ओघळणार नाही, एवढे फवारून किती पाणी लागले ते मोजले. टोमॅटोची आठ झाडे 1.2 लिटर, सहा गुलाब 1 लिटर, द्राक्षवेल 1.5 लिटर. हे आकडे कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले. लागेल तेवढेच द्रावण करायचे. उरलेले द्रावण गटारीत ओतण्याचा मोह होतो, आणि सांगलीतल्या सांडपाण्याची वाट शेरीनाल्यावाटे कृष्णेकडे जाते. तांबे माशांना फार घातक.

16 जून

दोन लिटरचा दुसरा दाबपंप, शेतावरून आणलेला. आधी कशासाठी वापरला ते नक्की सांगता आले नाही. म्हणून साधे पाणी भरून फक्त एका टोमॅटोच्या रोपावर मारले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेंडा खाली वळून पिळवटला, देठ वाकडे झाले, पुढच्या काही दिवसांत नवीन पाने चिंचोळी आली. ही उसातल्या टू-फोर-डी तणनाशकाची खूण. पंप तीनदा धुतलेला होता तरीही. टोमॅटो आणि द्राक्ष यांना या तणनाशकाचा अंशही सोसत नाही, आणि ते रबरी नळीत, वॉशरमध्ये मुरून बसते. पंप बाद केला, नवीन आणला आणि त्यावर ‘फक्त बुरशीनाशक’ असे रंगवले. ते रोप उपटले.

24 जून

रोपांच्या वाफ्यात टोमॅटो-मिरचीची रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडू लागली. कोलमड. कारण समोरच होते: वाफा सपाट, बी दाट, रोज संध्याकाळी पाणी. वाफा वितीभर उंच केला, रोपे विरळ केली, पाणी सकाळी आणि एक दिवसाआड.

शिल्लक रोपांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला 2.5 ग्रॅम, एक लिटर. कार्बेन्डाझिम हे दुसरे बुरशीनाशक का नाही? कोलमड करणारी बुरशी बहुतेक वेळा केवड्याच्या कुळातली असते आणि त्या कुळावर कार्बेन्डाझिम चालतच नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लगेच घालायचा नाही, तीही बुरशीच आहे, तांब्याने मरू शकते. पंधरा दिवसांनी, शेणखतात मिसळून.

14 जुलै

दोडक्याच्या पानांवर पिवळे डाग. सकाळी साडेसहाला, दव असताना पान उलटे करून पाहिले. वरून डाग पिवळा आणि चौकोनी, शिरांनी कुंपण घातल्यासारखा, शीर ओलांडून पलीकडे जात नाही. खालून त्याच चौकोनात राखाडी-जांभळट लव, मखमलीवर बोट फिरवल्यासारखी. दहा वाजता ऊन आल्यावर तीच लव दिसेनाशी झाली. दुपारी पाहणाऱ्याला नुसते पिवळे पान दिसते आणि तो युरिया टाकतो.

हा केवडा. मॅन्कोझेबच्या पाकिटावर पिकांची यादी वाचली. दोडक्याचे नाव नाही. जे नाव पाकिटावर नाही त्याच्यासाठी मुदतीचे दिवसही तिथे नाहीत, म्हणजे फवारल्यानंतर दोडका कधी खायचा हे ठरवायला काही आधार नाही. फवारले नाही.

त्याऐवजी खालची डागाळलेली सगळी पाने पिशवीत घालून काढली, खतखड्ड्यात टाकली नाहीत. वेल तारेवर विरळ बांधून घेतला. पाणी बुडाशी, सकाळी. केवड्याला पानावर पाणी टिकून राहावे लागते, वारा खेळला की त्याची निम्मी ताकद जाते.

15 ते 29 जुलै

झड. काही केले नाही. फवारल्यावर तीन-चार तासांची उघडीप नसेल तर सगळे धुऊन जमिनीत जाते. दोडक्याचा केवडा वाढला नाही, थांबलाही नाही. तोडा चालू.

6 ऑगस्ट

आज तीन तक्रारी आल्या, तिन्हींना बुरशीनाशक नको.

लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरखरीत, बुचासारखे उंचवटे, भोवती पिवळे वलय. खैऱ्या. हा जिवाणू आहे. मॅन्कोझेब, गंधक, कार्बेन्डाझिम यांचा त्यावर काही उपयोग नाही, फार तर तांब्याचा होतो. रोगट फांद्या छाटल्या, कापांवर बोर्डो मलम, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसली.

मिरचीची पाने होडीसारखी वळलेली. बोकड्या. फुलकिडे, कोळी आणि विषाणू यांची करामत, बुरशी नव्हे.

जास्वंदीवर काजळी. ही मात्र खरोखर बुरशी आहे, तरीही बुरशीनाशक नको. वरच्या फांदीवर पिठ्या ढेकूण आहे, त्याचा चिकट गोड स्राव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काजळी वाढते. ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढला, पाने पाण्याच्या जोरदार धारेने धुतली. अन्न बंद झाले की काजळी वाळून पापुद्र्यासारखी सुटते.

21 ऑगस्ट

टोमॅटोवर करपा. खालच्या पानांवर तपकिरी डाग, आत लाकडाच्या ओंडक्यासारखी एकात एक वलये. दोन पानांवरून चार दिवसांत सहा झाडांवर. खालची पाने काढली, बुडाशी उसाचे पाचट पसरले, तरी चढतोय. पाकिटावर टोमॅटोचे नाव आहे, बुरशीच आहे, उघडीप आहे. फवारणी ठरली.

आधी तोडणी. पिकलेली आणि पिकायला आलेली सगळी फळे काढून घेतली. शेतात हे करता येत नाही, परसात येते, आणि मुदत पाळणे निम्मे सोपे होते.

वेळ सकाळी सात. वारा जवळजवळ नाही. गच्चीच्या टाकीचे झाकण लावले, शेजारच्या खिडक्या लावून घ्यायला सांगितले, वाळत घातलेले कपडे काढले, मांजर आत. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पॅन्ट, गमबूट, डोळ्यांना बंद चष्मा, नायट्राईलचे हातमोजे. सुती मोजे नकोत, ते द्रावण शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. तोंडाला कणांसाठीचा मास्क. नुसत्या रुमालाने बारीक तुषार अडत नाहीत.

तोलताना सर्वांत जास्त काळजी, कारण तिथे पूड पाणी न मिसळलेली, पूर्ण जोराची असते. 3 ग्रॅम कागदावर तोलले, कपभर पाण्यात कालवून पातळ लापशी केली, गाळून अर्ध्या भरलेल्या पंपात ओतली, मग 1.2 लिटरपर्यंत पाणी. कोरडी पूड थेट पंपात टाकली तर गुठळ्या होऊन नोझल तुंबते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकायचे नाही, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायचे.

वाऱ्याकडे पाठ करून, मागे सरकत, पानाच्या खालच्या बाजूनेही. मॅन्कोझेब पानाच्या आत शिरत नाही, जिथे पडते तिथेच राखण करते. आलेला डाग त्याने बरा होत नाही, नवा डाग थांबतो. चार दिवसांनी जुने डाग पाहून पुन्हा मारायचे नाही.

पंप तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुतला, ते पाणी त्याच झाडांवर. हातमोजे काढण्याआधी साबणाने धुतले, मग काढले, मग हात. कपडे घरातल्या धुण्यात न मिसळता वेगळे धुतले.

प्रत्येक झाडाला तांबडी चिंधी. चिंधीवर पक्क्या शाईने तोडणीची तारीख. मोजणी अशी: पाकिटावर समजा सात दिवस असतील, तर फवारणीचा दिवस धरायचा नाही. 22 पासून 28 पर्यंत सात, तोडणी 29 ला. फ्रिजवर कागद: ‘आजी, काकू, तांबडी चिंधी असलेल्या झाडाला हात लावू नका. चिंधी सोडायचे काम एकाच माणसाचे.’ चिंधी अडीच फुटांवर बांधली, कारण घरातले धाकटे तिथपर्यंतच पाहते.

31 ऑगस्ट

दुसरा आणि शेवटचा फवारा, पुन्हा 3 ग्रॅम. 29 आणि 30 ला तोडा झालेला. नव्या पालवीवर डाग नाहीत. फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. पृष्ठभागावर बसणाऱ्या बुरशीनाशकाचा काही भाग त्याने जातो, आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणाऱ्या, बुरशीनाशकाचा जात नाही. धुणे हे मुदतीऐवजी नाही, मुदतीनंतर.

12 सप्टेंबर

कलमी गुलाबावर काळे ठिपके, कडा झालरीसारख्या, पान पिवळे पडून गळते. पानावर सात-आठ तास सलग ओल राहिली की हा रोग लागतो, संध्याकाळी झारीने वरून पाणी घालणे बंद केले. गळलेली पाने वेचली, आतल्या दाट फांद्या छाटल्या. चार झाडे एवढ्यावर सावरली.

उरलेल्या दोघांसाठी, पाकिटावर गुलाबाचे नाव पाहून, कार्बेन्डाझिम 50%, लिटरला 1 ग्रॅम, एकदाच. हे आंतरप्रवाही आहे आणि बुरशीच्या एकाच नाजूक जागेवर काम करते, म्हणून बुरशी त्याला लवकर सरावते. लागोपाठ मारले तर दुसऱ्या हंगामात पाण्यासारखे निरुपयोगी. नाव बदलून त्याच गटातले दुसरे आणणे म्हणजे बदल नव्हे, पाकिटावरचा घटक आणि गट पाहायचा. गरोदर स्त्रीने या फवारणीच्या आसपासही थांबू नये. युरोपीय संघाच्या वर्गीकरणात ते प्रजननाला घातक आहे.

5 नोव्हेंबर

द्राक्षवेलीवर भुरी. पानावर पीठ उधळल्यासारखे, बोटाने पुसले तर पुसले जाते. केवड्याच्या उलट हिला पानावर पाणी नको, कोरडे पान आणि सावली हवी. म्हणून पाऊस संपल्यावर आली. केवड्याचे बुरशीनाशक हिच्यावर सहसा वाया जाते, आणि भुरीचे केवड्यावर.

गंधक 80%, लिटरला 2 ग्रॅम, 1.5 लिटरला 3 ग्रॅम. आधी दोन पानांवर मारून 48 तास थांबलो, जळले नाही. गंधक 35 अंशांच्या वर पान भाजते, म्हणून सकाळीच. गेल्या दोन आठवड्यांत निंबोळी तेल मारलेले असेल तर गंधक नाही, तेल आणि गंधक एकत्र आले की पाने करपतात. काकडी-भोपळ्यावर गंधक टाळले, त्या कुळातल्या काही जातींना ते सोसत नाही.

16 नोव्हेंबर

लिंबाला बोर्डो मलमाचा दुसरा हात. खिळा पहिल्याच वेळी कोरा निघाला, चुना ताजा होता.

कपाटातला साठा तोलला. मॅन्कोझेब 100 पैकी 94 ग्रॅम शिल्लक, कॉपर ऑक्सिक्लोराईड 97.5, गंधक 97 ग्रॅमला थोडे कमी, कारण चाचणीची दोन पाने. पाकिटे दुमडून, मूळ छापील बाजू बाहेर ठेवून, बंद डब्यात. मुदतीची तारीख डब्यावर. शेजारी कोणी मागितले तरी पुडी बांधून द्यायची नाही, पाकीटच दाखवायचे. रिकामे पाकीट भोक पाडून घरगुती घातक कचऱ्यात, जाळायचे नाही.

कपाटाच्या दारावर आतून: डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले तर पाकिटावर सांगितल्याशिवाय उलटी करवू नका. 108 ला फोन, आणि पाकीट बरोबर घेऊन दवाखान्यात.

द्राक्षवेलीवरची चिंधी अजून बांधलेली आहे.